विक्रीसाठी नसलेल्या वस्तू

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेत होता, मुदत ठेवींवर बोला." मी म्हटलं, मुदत ठेवींवर बोलायला लागलो तर व्याजाचे दर ऐकूनच निम्मे लोक उठून जातील. त्यापेक्षा छंदावर बोलतो. ते खूश झाले. मग विषय ऐकल्यावर थोडे गप्प झाले. विषय असा आहे : व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांतल्या जुन्या जाहिराती, पुठ्ठ्याचे पुतळे, पाट्या आणि शोकेस गोळा करण्याचा छंद.

आता आधीच खुलासा करतो. हा छंद माझा नाही. माझ्या मुलाचा आहे, आणि तो अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. पंचाहत्तरीला टेकलेल्या माझ्यासारख्या माणसानं आयुष्यात एकच व्हिडिओ गेम खेळला, बदकं मारायचा, आणि त्यात एकही बदक मला मारता आलं नाही. तरीही मी यावर बोलणार आहे, कारण या छंदात माझी एक चूक अडकलेली आहे. हा जो प्लायवूडचा अर्धा फळा खुर्चीला टेकवून ठेवलाय, तीच ती चूक. त्याच्याबद्दल शेवटी सांगतो.

आपल्यापैकी बरेच जण इथं डोंबिवलीला यायच्या आधी चाळीत राहिलेले आहेत. आम्ही गिरगावात होतो. दोन खोल्या, कॉमन गॅलरी. बँकेच्या वेतन कराराचे एरिअर्स हातात आले तेव्हा चिरंजीवांनी हट्ट धरला आणि आम्ही टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्या काळी आपल्याकडे मिळायचे ते बहुतेक सगळे जपानी मशिनची नक्कल. कॅसेटवर लिहिलेलं असायचं की हिच्यात हजारो खेळ आहेत, आणि प्रत्यक्षात तेच ते पाच-सहा. कॅसेट चालेना की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची. ही फुंकर आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं मारलेली आहे, आणि मजा म्हणजे अमेरिकेतल्या मुलांनीही मारलेली आहे.

गिरगावातून लॅमिंग्टन रोड चालत जाण्यासारखा. तिथल्या एका गल्लीत एक छोटं दुकान होतं. कॅसेटची अदलाबदल व्हायची आणि अर्ध्या तासाच्या भाड्यानं खेळायलाही मिळायचं. दुकानाबाहेर पेंटरनं रंगवलेला फळा होता. त्यावर लाल टोपी घातलेला मारिओ. पेंटरनं तो बहुतेक कॅसेटच्या कागदावर बघून काढला असावा, कारण त्याच्या मिशा अगदी आमच्या चाळीतल्या हवालदारांसारख्या झाल्या होत्या. १९९८च्या सुमारास ते दुकान बंद झालं, आणि मालकानं तो फळा चिरंजीवांना देऊन टाकला. पोरगं तो डोक्यावर घेऊन गिरगावात आलं. दोन वर्षं तो पलंगाच्या मागं उभा होता.

२००० साली आपण सगळे इथं राहायला आलो. चिरंजीव तेव्हा इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर. सुट्टीत आल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, माझा बोर्ड कुठंय?" मी म्हटलं, "अरे, सामान हलवताना कुठंतरी गेला." तो काही बोलला नाही. विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

आता एकदम २०१८ मध्ये येऊ. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला गेलो होतो. त्या वर्षी तिथली 'टॉईज आर अस' ही खेळण्यांची प्रचंड मोठी साखळी दिवाळखोरीत निघून अमेरिकेतली दुकानं बंद करत होती. तिचं मुख्य कार्यालय न्यू जर्सीतच, वेन या गावी. जूनअखेर सगळ्या दुकानांना टाळं लागणार होतं. चिरंजीव म्हणाला, "बाबा, चला, सेलला जाऊ." मला वाटलं, नातवाला खेळणी घेऊन देणार. दुकान मोठं, पण अर्धं रिकामं. लोक उरलेल्या बाहुल्या, सायकली उचलत होते. आमचे चिरंजीव मात्र मॅनेजरकडे जाऊन विचारत होते, "ते रॅक कितीला देणार? आणि ती भिंतीवरची पाटी?" दिवाळखोरीत फर्निचरसुद्धा विकायला काढतात, ते मला बँकेमुळे माहीत होतं. पण स्वतःचा मुलगा ते भाड्याच्या ट्रकमध्ये भरेल, असं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं पहिल्यांदाच मला तळघर नीट दाखवलं. ते पाहून माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "कचरा!" सौ.नं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मुलगा म्हणाला, "बाबा, बसा. पाच मिनिटं ऐका." पाच मिनिटांचे दोन तास झाले. तेव्हा जे ऐकलं, ते आधी तुम्हाला सांगतो. कारण ही गोष्ट खेळण्यांची कमी आणि धंद्याची जास्त आहे.

अमेरिकेत १९८०च्या सुमाराला घरोघरी व्हिडिओ गेम आले. अटारी ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी. मागणी आहे म्हटल्यावर जो तो गेम काढू लागला. चांगले, वाईट, कसेही. १९८२च्या नाताळात 'ई. टी.' या गाजलेल्या सिनेमावरचा गेम बाजारात आला. तो तयार करायला प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. गेम आपटला. खपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त माल काढलेला. १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो इथल्या कचराडेपोत ट्रकच्या ट्रक भरून कॅसेटी पुरल्या गेल्या. अनेक वर्षं लोक याला दंतकथाच समजत होते. २०१४च्या एप्रिलमध्ये तिथं खणलं, तर खरंच कॅसेटी निघाल्या! त्यातली एक आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

बँकेतल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. हायपोथिकेशनचा माल तपासायला मी गोदामात जायचो. वरच्या थराला चांगली पोती, खाली भुसा. बाजार तेजीत असताना खालचा थर कुणी बघत नाही. अमेरिकेत असाच खालचा थर उघडा पडला. १९८३ला घरगुती व्हिडिओ गेमचा जो धंदा सुमारे ३२० कोटी डॉलरचा होता, तो १९८५ला १० कोटींच्या आसपास आला, असा आकडा सांगतात. दुकानदारांचे हात पोळले. व्हिडिओ गेम हा शब्दसुद्धा त्यांना नकोसा झाला.

अशा वेळी जपानची निंटेंडो कंपनी तिथं आली. ही कंपनी १८८९ सालची, क्योटोची. सुरुवातीला हातानं केलेले खेळायचे पत्ते विकायची. म्हणजे आपल्याकडे लोकमान्यांचा 'केसरी' निघून आठ वर्षं झाली होती, इतकी जुनी. १९८५च्या शरद ऋतूत त्यांनी न्यूयॉर्क परिसरात आपलं मशिन विकायचा प्रयत्न केला. मशिनचं नाव ठेवताना 'व्हिडिओ गेम' हे शब्द मुद्दाम टाळले, 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटलं. सोबत एक छोटा रोबो दिला, म्हणजे दुकानदाराला वाटावं की हे खेळणं आहे. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात एक गोदाम घेतलं. कंपनीची माणसं तिथून निघायची, दुकानात स्वतः जाऊन शोकेस सजवायची, टीव्ही लावायची, मशिन जोडून दाखवायची. आणि दुकानदाराला सांगायची, जेवढं विकलं जाईल त्याचेच पैसे द्या, उरलेला माल आम्ही परत नेऊ.

मंडळी, इथं मी सावरून बसलो. कारण ही तर पत बसवण्याची गोष्ट आहे. ज्या बाजारानं एकदा तोंड पोळून घेतलंय, तिथं वस्तूची जाहिरात गिऱ्हाइकासाठी नसते, आधी दुकानदारासाठी असते. ती सजवलेली खिडकी म्हणजे कंपनीनं दिलेली हमी होती. मुलगा म्हणाला, "बाबा, गेम सगळ्यांकडे राहिले. ती खिडकी कुणाकडे राहिली?" मला उत्तर देता आलं नाही.

कारण जाहिरातीचं सामान हे फेकण्यासाठीच केलेलं असतं. गेम विकायचा, पाटी फेकायची. नवा गेम आला की जुना पुठ्ठ्याचा पुतळा मागच्या दारानं कचऱ्यात. म्हणून लाखोंनी विकलेला गेम आज सहज मिळतो, पण त्याची दुकानातली जाहिरात मिळत नाही. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीचं विसर्जन होतं आणि मखर माळ्यावर राहतं. तिथं उलटं, मखराचंच विसर्जन.

त्याच्याकडे काय काय आहे, ते थोडक्यात सांगतो. पुठ्ठ्याचे माणसाएवढे पुतळे, त्यांना स्टँडी म्हणतात. घड्या घालून सपाट खोक्यातून येतात, दुकानात उभे करायचे. रॅकच्या कडेला अडकवायच्या छोट्या चिठ्ठ्या. छताला टांगायची चित्रं. १९८०च्या दशकातली एक निंटेंडोची पाटी, तिच्यात फायबर ऑप्टिकचे बारीक तंतू आहेत, दिवा लावला की रंग बदलत राहतात. नातू तिला 'आजोबांचा देव्हारा' म्हणतो, कारण मी संध्याकाळी ती लावून बसायचो.

मग एम-८२ नावाचं राखाडी रंगाचं मशिन. हे गिऱ्हाइकाला विकायचंच नव्हतं, फक्त दुकानदाराला. त्यात एका वेळी बारा कॅसेटी बसतात. पोरानं बटण दाबून हवा तो खेळ निवडायचा. आणि किती वेळ खेळू द्यायचं, हे दुकानदार मागून ठरवू शकायचा. वेळ संपली की खेळ बंद, पुढच्या पोराचा नंबर. आमच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराकडे असं मशिन असतं, तर बिचाऱ्याचा घसा वाचला असता. तो ओरडून सांगायचा, "ए, झाला अर्धा तास!"

आणि मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे 'टॉईज आर अस'च्या चिठ्ठ्या. तिथं पूर्वी गेमचे खोके मांडलेले नसायचे. भिंतीवर फक्त चित्राची कार्डं, आणि प्रत्येक कार्डाखाली खिशात कागदी चिठ्ठ्यांचा गठ्ठा. पोरानं एक चिठ्ठी काढायची, काउंटरवर पैसे भरायचे, आणि पावती घेऊन जाळीच्या खोलीतून गेम घ्यायचा. खिशात चिठ्ठी नाही म्हणजे माल शिल्लक नाही. हे ऐकून मी म्हटलं, "अरे, ही तर आमची टोकन पद्धत!" बँकेत पितळी टोकन घेऊन तुम्ही सगळे बसलेले आहात. आधी टोकन, मग कॅशियरचा पिंजरा. त्या दिवशी मला त्या तळघरात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न मी विचारतो, कारण मीही तोच विचारला होता : याची किंमत किती? मुलगा म्हणाला, सांगता येत नाही. २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या गेमचं न उघडलेलं एक पाकीट लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेलं. पेपरात वाचून मीच त्याला फोन केला, "अरे, तुझ्याकडे आहे का?" तो हसला. म्हणाला, "बाबा, मी पाकिटं जमवत नाही. आणि तुम्हीच शिकवलंय ना, ज्या किमतीला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, तिथं आज रांग लागली तर आधी रांगेतली माणसं बघावी." मी हे वाक्य त्याला हर्षद मेहताच्या वेळी सांगितलं होतं. तो विसरला असेल असं वाटलं होतं.

त्याच्या संग्रहातल्या बऱ्याच वस्तूंवर इंग्रजीत छापलेलं असतं, विक्रीसाठी नाही. दुकानात दाखवायला दिलेल्या कॅसेटींवरही तेच. म्हणजे ज्यांची किंमतच कधी ठरलेली नव्हती, अशा या वस्तू. मग त्या टिकल्या कशा? टिकल्या त्या दुकानातल्या नोकरांमुळे. त्याच्याकडच्या एका पोस्टरच्या मागं पेन्सिलीनं एक नाव लिहिलंय. दुकानात काम करणाऱ्या कुणा पोरानं आधीच नाव घालून ठेवलं होतं की हे काढाल तेव्हा मला हवं. पगार बेताचा, पण पोस्टर घरी नेलं. त्या एका पेन्सिलीच्या नावामुळे ते पोस्टर आज आहे.

हळूहळू मीही कामाला लागलो. माझं काम दोन प्रकारचं. पहिलं, खोटं-खरं ओळखणं. जुन्या पोस्टरच्या नकला हल्ली खूप निघतात. मी चाळीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या, नोटा उजेडात धरल्या. भिंग घेऊन बसलो. छापखान्यातल्या जुन्या छपाईत रंगाचे ठिपके ओळीनं, फुलासारखे बसलेले दिसतात, आणि बारीक अक्षरं काळ्या शाईत स्वच्छ उठलेली असतात. स्कॅन करून घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ठिपके कसेही विखुरलेले, आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या. पटापट दोन नकला मी पकडल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला निवृत्त कुणी केलं?"

दुसरं काम, रजिस्टर. त्याच्याकडे वस्तू होत्या, पण हिशोब नव्हता. मी विचारलं, "उद्या तुला काही झालं तर हे कुणाला कळणार?" तो म्हणाला, "मला माहीत आहे ना सगळं." मी म्हटलं, "तुला माहीत आहे म्हणजे कुणालाच माहीत नाही." मग आपल्या सरकारी कचेरीत असतं तसं मी त्याला डेड स्टॉक रजिस्टर करून दिलं. अनुक्रमांक, वस्तू, कुठल्या सालची, कुणाकडून मिळाली, कुठल्या दुकानातली, कितीला, आज स्थिती काय, फोटो नंबर. चारशे बारा नोंदी झाल्या. 'कुणाकडून मिळाली' हा रकाना भरताना त्याला खूप फोन करावे लागले. पण त्या फोनवरून दुकानांच्या, मालकांच्या, बंद पडलेल्या मॉलच्या गोष्टी निघाल्या. तो म्हणाला, "बाबा, वस्तूपेक्षा हा रकाना भारी आहे."

वस्तू टिकवायच्या कशा, हेही शिकलो. तुम्हाला घरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कागदाचे तीन शत्रू : ऊन, दमट हवा आणि चिकटपट्टी. सेलोटेप काही वर्षांनी पिवळी पडते, सुटते, पण डाग कायमचा ठेवून जाते. फाटलेलं तसंच सपाट ठेवावं, पण टेप लावू नये. कागद गुंडाळून ठेवण्यापेक्षा आडवा, सपाट ठेवलेला बरा. फोटो लॅमिनेट करू नयेत, ते पुन्हा सुटत नाही. मुलाच्या तळघरात हवेतला ओलावा खेचणारं मशिन दिवसरात्र चालू असतं. आपल्याकडे पावसाळ्यात निदान भिंतीला टेकवून ठेवू नका, एवढं तरी करता येईल.

आणि प्लॅस्टिकचं एक गंमतशीर आहे. जुनी राखाडी मशिनं पिवळी पडतात. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ती उन्हात ठेवतात, की रंग उजळतो. तर एका रविवारी चिरंजीवांनी मागच्या अंगणात चादर पसरून मशिनची झाकणं मांडली. सौ. खिडकीतून ओरडली, "अरे, उलटी कर रे दुपारी, एका बाजूनंच वाळतील!" तिच्या दृष्टीनं ते पापडच.

अशाच एका संध्याकाळी रजिस्टरची शेवटची पानं लिहून झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, एक नोंद राहिली. अनुक्रमांक शून्य. लॅमिंग्टन रोडचा बोर्ड. स्थिती : हरवला." हसत म्हणाला. राग नव्हता. पण त्याला तो बोर्ड अठरा वर्षं आठवत होता, हे मला तेव्हा कळलं. हे सगळं तळघर त्या एका बोर्डाच्या जागी उभं राहिलं होतं का, देव जाणे. मी त्याला विचारलं नाही.

मी पेन खाली ठेवलं आणि खरं काय ते सांगितलं. बोर्ड हरवला नव्हता. इथं फ्लॅटचं फर्निचर चालू होतं. कर्जाचे हप्ते सुरू झालेले. माळ्याच्या दारांना प्लायवूड कमी पडलं. सुतार म्हणाला, "साहेब, हा बोर्ड चांगल्या प्लायचा आहे." मी म्हटलं, "काप." त्यानं मधोमध कापला. चित्राची बाजू आत गेली, बाहेरून सनमायका लावला. आणि मुलाला मी खोटं सांगितलं, कारण खरं सांगायला एक मिनिट लाज वाटली. तेवढ्या एका मिनिटाचं खोटं अठरा वर्षं टिकलं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तो इतकी वर्षं आपल्या घरातच होता?"

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावलं. माळ्याचं एक दार आम्ही २०१२ला स्वयंपाकघर नवं केलं तेव्हाच भंगारात गेलं होतं. दुसरं होतं. ते उतरवलं. आतल्या बाजूनं हा निघाला. तुम्हाला दिसतोय. अर्धी लाल टोपी, एक डोळा, अर्ध्या मिशा. वर 'व्हिडि' एवढीच अक्षरं आणि खाली '५ रु.'. अंधारात राहिल्यामुळे रंग मात्र कालच दिल्यासारखा.

मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही होती. आहे का?"

नाही. उजवा कोपरा दुसऱ्या अर्ध्यात होता.

मंडळी, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या सांभाळल्या. नमुना सहीचं कार्ड हरवलं तर मी शिपायाला धारेवर धरायचो. आणि एका माणसाची सही मी माळ्याच्या दारासाठी कापून टाकली. तो पेंटर कोण, कुठला, आता आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही. नंतर फ्लेक्स आले आणि हातानं पाट्या रंगवणाऱ्या कितीतरी पेंटरांचं काम गेलं. आपल्या आख्ख्या पिढीनं ज्यांच्या पाट्या वाचून दुकानं शोधली, त्यांच्यातल्या एकाचं नाव माझ्या घरात होतं.

मी मुलाला विचारलं, "हा कुरिअरनं पाठवू का?" तो म्हणाला, "नको बाबा. तिथलाच आहे, तिथंच राहू दे. तुम्ही फक्त रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करा." मी केली. अनुक्रमांक शून्य. स्थिती : अर्धा. सही : वडिलांच्या निष्काळजीपणामुळे नष्ट. खाली माझी सही.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती असल्या रोजच्या वापरातल्या वस्तू गावोगाव फिरून जमवल्या आणि संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. मी तिथं दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा म्हटलं, वा, काय कलाकुसर! आता तिसऱ्यांदा जाईन तेव्हा वेगळं बघेन. तिथला प्रत्येक अडकित्ता कुणीतरी मोडीत द्यायचा राहिला, म्हणून आपल्याला दिसतोय.

शेवटी एक विनंती. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. तुमच्यापैकी किती जणांकडे बिल्डरनं आपल्याला दिलेलं ते रंगीत माहितीपत्रक आहे? त्यावर चित्र होतं, इमारतीसमोर कारंजं, बाग, आणि बाजूला पोहण्याचा तलाव! कारंज्याच्या जागी आज आपली पाण्याची टाकी आहे, आणि तलाव आपल्याला फक्त जुलैत मिळतो, तोही पार्किंगमध्ये. हसू नका. ते माहितीपत्रक म्हणजेच आपल्या दुकानाची खिडकी होती. ती बघून आपण पैसे भरले. कमिटीनं मागं कागदपत्रं गोळा केली तेव्हा त्याची एकही प्रत सापडली नाही. चौसष्ट फ्लॅट, आणि एकही प्रत नाही.

तर या दिवाळीची साफसफाई करताना एवढंच करा. माळ्यावरून काही खाली काढलं की रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते उलटून बघा. मागं कुणाचं नाव आहे का बघा. असेल तर फोटो काढा, आणि ऑफिसात एक रजिस्टर मी आणून ठेवतोय, त्यात लिहा. वस्तू ठेवायचीच असं नाही, घरं आपली लहान आहेत. पण नाव ठेवा. आणि मुलाबाळांची वस्तू असेल तर त्यांना एक फोन करा. त्यांनी टाका म्हटलं तर टाका. फक्त 'हरवली' म्हणून सांगू नका.

परवा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे ते माहितीपत्रक आहे बहुतेक. गव्हाच्या डब्याखाली अंथरलंय." मी त्यांना म्हटलं, "वहिनी, डबा हळूच उचला."